बांधाचं तोंड

"मॅडम, तुमची पट्टी खोटं बोलतेय," दामूनाना म्हणाले.

मी त्यांच्या भातात घोट्याएवढ्या पाण्यात उभी होते. फेब्रुवारी संपत आलेला, सकाळचे आठ. हातात प्लॅस्टिकची एक पट्टी. तिच्यावर हिरव्या रंगाच्या छटा असतात, फिक्यापासून गडदपर्यंत. भाताचं पान तिच्यावर ठेवायचं आणि कुठल्या छटेशी जुळतं ते बघायचं. पान फिकं निघालं तर पिकाला नत्र हवंय, गडद निघालं तर नकोय. नत्र म्हणजे नायट्रोजन, पिकाला हिरवं करणारं आणि वाढवणारं अन्न. युरिया हे ते अन्न देणारं सगळ्यात स्वस्त खत. एवढं माहीत असलं तरी पुढचं सगळं समजेल.

नानांचं भात फिकं होतं. दहा ठिकाणची दहा पानं बघितली, त्यातली आठ फिकी.

"युरिया कधी टाकलात?"

"आज नववा दिवस."

"किती?"

"तुमी सांगितलात तेवढा." मग म्हणाले, "वर अर्धी गोण आणखी. तुमच्या सांगण्यावर माझा भरवसा नव्हता."

युरिया टाकल्यावर आठवड्याभरात भाताचा रंग बदलतो. इथे नऊ दिवस झाले होते, खत मापापेक्षा जास्त पडलं होतं, आणि पीक उपाशी माणसासारखं दिसत होतं. पट्टी खोटं बोलत नव्हती. काय चुकलंय ते मलाही कळत नव्हतं. नानांपुढे मी तसं कबूल केलं नाही. नोकरीत एवढं शिकलेच होते.

मी कृषी खात्यात सहायक म्हणून लागले आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. घर लोधिवलीला. तिथून चौक आणि चौकवरून कर्जत, हा रस्ता माझ्या स्कूटरला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. त्या वर्षी कर्जतच्या बाजूच्या एका गावचं सहायकाचं पद रिकामं होतं, म्हणून चार्ज माझ्याकडे आला. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणारं गाव आहे, एवढं पुरे.

त्या गावात आम्ही प्रात्यक्षिक घेतलं होतं. प्रात्यक्षिक म्हणजे शेतकऱ्याच्याच शेतात आपल्या पद्धतीनं पीक घेऊन दाखवायचं, म्हणजे बाकीचे बघून शिकतात. आमची पद्धत साधी होती. युरिया एकदम ओतायचा नाही. पट्टीनं बघायचं, पिकाला लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच द्यायचा. शेतकऱ्याचा पैसा वाचतो, आणि जास्तीचं खत ओढ्याला आणि विहिरीला जात नाही. नानांचं शेत साहेबांनी निवडलं होतं, कारण ते रस्त्याला लागून होतं. बोर्ड दिसतो.

त्याच दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला.

"मॅडम, बोर्ड लावला?"

"लावला सर."

"पीक कसं आहे?"

"फिकं आहे."

साहेब म्हणाले, "मग बोर्ड थोडा आत सरकवा."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावरही साहेब होते.

पण सकाळची एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. नानांच्या शेताच्या खालच्या अंगाला, एका बांधापलीकडे, दुसरं एक भात होतं. गडद, जवळजवळ निळसर हिरवं. असं भात लांबून बघणाऱ्याला फार आवडतं. मला बघून धास्ती वाटते. जास्त नत्र मिळालेलं भात उंच वाढतं, त्याची काडी मऊ राहते, तुडतुड्यांसारख्या किडीला आणि करप्यासारख्या रोगाला ते फार गोड लागतं, आणि दाणा भरायला लागला की वाऱ्याच्या एका झुळकीत आडवं होतं.

"ते कुणाचं?" मी नानांना विचारलं होतं.

नाना दुसरीकडे बघत म्हणाले, "हिरीचं."

"हिरी कोण?"

"बहीण हाय माझी." एवढं बोलून ते घराकडे चालायला लागले. पायात चपला घालायच्यापण राहिल्या. मला त्या हातात घेऊन मागून जावं लागलं.

दोन दिवसांनी मी पुन्हा गेले, आणि या खेपेला खालच्या शेतात गेले. हिराबाई बांधावर बसून शेळीसाठी गवत कापत होत्या. साठीच्या आतबाहेरचं वय, बारीक चण, कपाळावर जुनं गोंदण. मी कोण ते सांगितलं. त्यांनी विळा बाजूला ठेवला आणि मला बसायला आपल्याजवळची गोणी झटकून दिली.

त्यांची हकीकत त्यांनी सहज सांगितली. नवरा खोपोलीत कारखान्यात होता. तो वारला, खोलीचं भाडं परवडेना, तेव्हा त्या मुलीला घेऊन माहेरी आल्या. वडिलांची जमीन होती. इकडे चाल अशी, की बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची आणि जमीन भावाला सोडायची. हिराबाईंनी सही केली नाही. खालचा तुकडा त्यांच्या नावावर झाला. त्याला आता आठ वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन पनवेलला गेली. भाऊ तेव्हापासून बोलत नव्हता. लग्नाला आला, अक्षता टाकल्या, जेवला आणि गेला.

"हिराबाई, खत किती टाकता?"

"मी टाकत नाय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "युरिया. किती गोणी?"

"एकपण नाय गं बाई." त्यांनी वरच्या शेताकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "दादा टाकतो."

"दामूनाना? तुमच्या शेतात?"

"पहिल्याच उन्हाळ्यात मला कळलं. माझ्याकडं खताला पैसे नव्हते. म्हटलं, येईल तेवढं येऊ दे. तर आठ दिवसांत शेत हिरवंगार. मग एकदा उजाडता मी लवकर आले, तर तो या बांधावर उभा होता. हातात पाटी. मला बघून गेला निघून. तोंडानं बोलायचा नाय, पण करतो." त्या हसल्या. "लाजतो तो. लहानपणापासून तसाच हाय."

मी त्यांच्या भाताकडे बघितलं. "पण हे जास्त होतंय, हिराबाई. पीक आडवं पडत नाही का?"

"पडतं ना. मागल्या साली पडलं, त्याच्या आदल्या सालीपण पडलं. कापायला बाया दुप्पट लागल्या. निम्मं भात चिखलात गेलं."

"मग भावाला सांगितलं नाही?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले असावे.

"भाऊ देतो हाय," त्या म्हणाल्या. "त्याला कसं सांगायचं, की जास्त झालं म्हणून?"

आता माझी चूक सांगते. मला वाटलं, कोडं सुटलं. नानांचा युरिया त्यांच्या शेतात पडतच नाही, म्हणून त्यांचं भात फिकं. तो बहिणीच्या शेतात पडतो, म्हणून तिचं गडद. मी खुशीत तशीच वर नानांच्या घरी गेले. नाना ओटीवर बसले होते. सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा दिला. मी पहिला घोट घेऊन सरळ विषयाला हात घातला.

"नाना, बहिणीला खत देता हे चांगलंच आहे. पण तिथे फार होतंय. त्यातलं निम्मं स्वतःच्या शेतात टाका, दोघांचंही पीक सुधारेल."

नानांची बशी तोंडापाशी जाऊन थांबली.

"कोण बोललं?"

"हिराबाईंनीच सांगितलं. आठ वर्षं तुम्ही गुपचूप खत टाकता म्हणून."

"मी?" नानांनी बशी खाली ठेवली. "त्या बांधाच्या खाली आठ वर्षांत मी पाय ठेवला नाय. मी कशाला टाकू तिच्या शेतात खत?"

दारात उभ्या असलेल्या सुमनकाकू म्हणाल्या, "म्हणून वाल येतात होय."

"कसले वाल?" नाना म्हणाले.

"शिमग्याच्या आधी येतात ते. पायलीभर. हिराताई शेजारणीच्या हातून धाडतात. तुमाला सांगितलं असतं तर तुमी खाल्ले नसते, म्हणून म्हटलं, बाजारातून आणले."

नाना बायकोकडे बघत राहिले. काकू मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दरवर्षी खातात आणि मला सांगतात, वाल झकास हाय, पुढल्या सालीपण त्याच दुकानातून आण."

नाना उठले, आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. मी चहा संपवला. काकू म्हणाल्या, "तुमी मनावर घेऊ नका." पण मनावर घेण्यासारखंच होतं. एका बाईनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी अर्ध्या तासात नेऊन जिथे नको तिथे सांगितली होती, आणि वर ती खरीही नव्हती. शिवाय मूळ प्रश्न तसाच होता. नाना टाकत नाहीत, हिराबाई टाकत नाहीत, मग खालच्या शेतात युरिया टाकतं कोण?

पीक सगळं सांगतं, आपल्याला नीट विचारता यावं लागतं. आमच्या एका जुन्या साहेबांचं हे पालुपद होतं, आणि त्यांच्या बाकीच्या बऱ्याच बोलण्यापेक्षा ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी घेऊन मी दोन्ही शेतं चालले. या खेपेला दहा पानं नाही, शंभरेक बघितली. एका जुन्या फॉर्मच्या मागच्या बाजूला शेताचा आकार काढला आणि जिथलं पान तिथेच त्याचा आकडा लिहीत गेले. पान बघताना उन्हाकडे पाठ करायची आणि ते आपल्या सावलीत धरायचं, नाहीतर ऊन रंग बदलतं. त्यामुळे दोन तास मी उलटसुलट चालत होते. रस्त्यावरून जाणाऱ्या एका टेंपोवाल्यानं काही हरवलंय का म्हणून विचारलं.

कागदावर चित्र उमटलं. नानांच्या शेतात कालव्याचं पाणी वरच्या कोपऱ्यातून येतं. तिथलं भात सगळ्यात फिकं. तिथून खाली येता येता रंग वाढत गेलेला. खालच्या बांधापाशी एका जागी तर चांगला हिरवा. त्या जागेच्या बरोबर पलीकडे, हिराबाईंच्या शेतात, सगळ्यात गडद. तिथे पान इतकं गडद, की पट्टीवरची शेवटची छटासुद्धा फिकी वाटावी. आणि तिथून तो रंग पंख्यासारखा पसरलेला. हिराबाईंच्या लांबच्या दोन कोपऱ्यांत मात्र भात साधं, थोडं फिकंच.

पंख्याच्या मुठीपाशी बांधाला तोंड होतं. भाताच्या शेतात वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात सोडायला बांध थोडा फोडून वाट करतात, त्याला तोंड म्हणतात. हे तोंड वीतभर रुंद होतं. त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, खाली शेवाळ धरलं होतं. ते नेहमी उघडंच असणार.

युरिया साखरेसारखा असतो. पाण्यात पडला की विरघळतो आणि दिसेनासा होतो. त्याला मातीत मुरायला काही दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत पाणी वाहतं राहिलं, तर युरिया पाण्याबरोबर निघून जातो. नाना खत टाकत होते स्वतःच्या शेतात, ते पोचत होतं बहिणीच्या शेतात. पीक हिरवं होत नाही म्हणून नाना आणखी टाकत. तेही खाली जात होतं. आणि हिराबाईंच्या शेतात न मावलेलं त्यांच्या खालच्या तोंडातून ओढ्यात जात होतं. ओढ्याच्या डोहावर दर उन्हाळ्यात हिरवी साय धरते, म्हशी पाण्याला तोंड लावत नाहीत, अशी गावातल्या बायकांची तक्रार मी महिन्याभरापूर्वीच ऐकली होती. तेव्हा ती माझ्या खात्याची वाटली नव्हती.

मी नानांना बोलावून आणलं. यायला तयार नव्हते. काकूंनी त्यांच्या हातात टोपी दिली, तेव्हा आले.

विरघळलेला युरिया दाखवता येत नाही. म्हणून मी गिरणीतून पाटीभर भाताचा कोंडा आणला होता. वरच्या कोपऱ्यात, जिथून कालव्याचं पाणी शेतात शिरतं, तिथे तो पाण्यावर सोडला. कोंडा तरंगत निघाला. भाताच्या चुडांमधून, म्हणजे रोपांच्या झुबक्यांमधून, वाट काढत, कुठे अडत, कुठे सुटत खालच्या बांधापाशी आला आणि तोंडातून एका ओळीनं पलीकडे गेला. हिराबाईंच्या शेतात तो पसरला. बरोबर पंख्यासारखा.

नाना बांधावर उकिडवे बसून बघत होते. कोंडा संपला तरी बघत होते.

"आठ वरसं," ते म्हणाले.

"हो."

"अन् मी दर साली एक गोण वाढवत होतो."

"नाना, तोंड उघडं का असतं पण?"

नाना बांधावरचं गवत उपटत बसले. मग म्हणाले, "वाटणी झाली तवा कागदात लिवलं, की हिरीच्या शेताला पाणी माझ्या शेतातनं द्यायचं. मला लई लागलं ते. सख्ख्या बहिणीला पाणी द्यायला कागद लागतो? त्या दिवशी येऊन मी हे तोंड फोडलं. म्हटलं, आता कवाच बंद करायचं नाय. उद्या कोणी म्हणायला नको, दामूनं बहिणीचं पाणी तोडलं. उजाडता येऊन बघायचो, कुठं गाळ धरला असंल तर पाटीनं काढायचो."

म्हणजे हिराबाईंनी पाहिलेली पाटी गाळाची होती. भाऊ रागानं तोंड उघडं ठेवत होता, आणि बहिणीला ती माया वाटत होती. मी नोकरीत बऱ्याच प्रकारचे बांधाचे वाद पाहिलेत. बांधावरून डोकी फुटलेली पाहिलीत. असा वाद पहिलाच.

"उपाय सोपा आहे," मी म्हणाले. "खत टाकायच्या आदल्या दिवशी दोन्ही शेतं भरून घ्यायची. मग हे तोंड बंद करायचं. तुमच्या शेतात पाण्याचा पातळ थर ठेवून खत टाकायचं. सहा दिवस तोंड उघडायचं नाही. एवढंच."

"तोंड मी बंद करणार नाय."

"सहाच दिवस, नाना. त्यांचं शेत भरलेलं असेल, सुकणार नाही."

"तुमाला गाव ठाऊक नाय, मॅडम. मातीचं एक ढेकूळ लावलं, की सांजच्याला चावडीवर बातमी. तिनं स्वतः सांगितलं तर बंद करीन. नायतर जाऊ दे खत वाहून."

म्हणजे मला हिराबाईंना सगळं सांगणं भाग होतं. तांत्रिक बाजू सांगायला दहा मिनिटं लागली असती. मी बहुतेक अर्धा तास लावला. कागद दाखवला, आकडे दाखवले, पंखा दाखवला. त्या माझं बोट जाईल तिकडे बघत होत्या. शेवटी मी गप्प झाले.

"म्हंजे वाहून येत होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्याला ठाऊकच नव्हतं."

"नव्हतं."

विळ्याच्या पात्यावरचं गवत त्यांनी बोटानं काढलं. मग म्हणाल्या, "बाई, मला काय वाटत होतं, ते त्याला सांगू नका. हसंल तो."

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण या वेळी तरी सरळ बोलायचं ठरवलं. "मी आधीच सांगून बसले, हिराबाई. चूक झाली माझी."

"मग? हसला?"

"नाही. बशी खाली ठेवली आणि आत गेले."

त्यांनी विळा खाली ठेवला.

"अन् मी वाल धाडते ते? खातो तरी का?"

"ते त्यांना बाजारातले वाटत होते. पण आवडतात. काकूंना म्हणतात, पुढच्या वर्षीही तिथूनच आण."

हिराबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. मला वाटलं, आता त्या घरी जातील. पण त्यांनी पदर खोचला आणि शेतातून सरळ वरच्या बांधाकडे चालायला लागल्या. मी मागून.

नाना अजून तिथेच होते. बहीण येताना दिसली तेव्हा उठले. पुन्हा बसावं की जावं, असं त्यांचं झालं. हिराबाई बांधाच्या खाली येऊन उभ्या राहिल्या. आठ वर्षांनी बोलायचं, म्हणजे सुरुवात कुठून करायची? त्यांनी कामापासून केली.

"दादा, तोंड बंद कर."

नाना दचकले. "मी बोललोच कुठं काय?"

"तुझं नाय रं. बांधाचं."

मला हसू आवरेना, म्हणून मी पट्टी पुसायला लागले. नानांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "उद्या कोणी बोललं तर?"

"मी सांगीन, मीच सांगितलं म्हणून."

"किती दिस?"

"बाई म्हणतात सहा."

"तुझं सुकलं तर?"

"सुकलं तर बोंब मारीन ना. इथंच तर असते."

नाना खाली वाकले. दोन्ही हातांनी चिखलाचा एक गोळा उचलून त्यांनी तोंडावर बसवला. हिराबाईंनी खालून दुसरा लावला, आणि वर पायानं दाबला. पाणी थांबलं. नाना हात धुवायला कालव्याकडे गेले, हिराबाई शेळीकडे.

खरी पंचाईत पुढे झाली. खत टाकायच्या आदल्या दिवशी खाली कळवायचं कसं? दोघांकडे मोबाइल होता, पण एकमेकांचा नंबर नव्हता. मी नानांच्या फोनमध्ये हिराबाईंचा नंबर घालून दिला. नाव काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाले, "लिवा, खालचं शेत." फोनवर बोलायची त्यांची तयारी नव्हती. मिस कॉल देईन म्हणाले. मिस कॉल आला, की हिराबाईंनी समजायचं, उद्या खत आहे, आज पाणी भरून घ्यायचं.

त्या हंगामातला शेवटचा हप्ता, म्हणजे पोटात लोंबी धरते तेव्हाचं खत, आम्ही असं दिलं. मिस कॉल झाला, पाणी भरलं, तोंड बंद झालं. नाना पूर्वी जेवढा टाकायचे त्याच्या निम्म्यानंच टाकला. आठव्या दिवशी पट्टी लावली, तर शेत वरपासून खालपर्यंत एका रंगाचं. नानांनी पट्टी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः पानं बघत गेले. "आता खरं बोलती," म्हणाले. मी बोर्ड पुन्हा रस्त्याकडेला आणला.

हिराबाईंचं नुकसान मात्र त्या वर्षी टळलं नाही. गडद झालेला पट्टा एप्रिलअखेरच्या वळवाच्या पावसात झोपला. पिकानं एकदा घेतलेलं नत्र परत काढून घेता येत नाही. पण कापणीला या वेळी सुमनकाकू खाली आल्या. दोघी नणंद-भावजय तीन दिवस आडवं भात कापत होत्या. नाना वर बांधावर बसून, भारे कुठे रचायचे ते सांगत होते. कुणी विचारलं नव्हतं.

पुढचा उन्हाळा नीट गेला. हिराबाईंना आता स्वतःचं खत घ्यावं लागणार होतं. आम्ही दोघी दुकानात गेलो. अनुदानाच्या खतासाठी मशीनवर अंगठा लावताना त्या मला म्हणाल्या, "फुकटचं बरं होतं गं." पण त्यांच्या तुकड्याला लागलं किती, तर जेमतेम एक गोण, तीही तीन वेळा विभागून. पट्टी वापरायला त्या नानांच्या आधी शिकल्या. पीक कापणीपर्यंत उभं राहिलं. नानांच्या शेतात भात पूर्वीपेक्षा थोडं जास्तच झालं आणि खत निम्म्यावर आलं. ओढ्यावरचं शेवाळ कमी झालं, असं बायका म्हणतात. मी ते मोजलेलं नाही, म्हणून अहवालात लिहिलं नाही. पण त्या उन्हाळ्यात म्हशी डोहात बसलेल्या मी पाहिल्या.

प्रात्यक्षिकाच्या अहवालात 'आलेल्या अडचणी' असा एक रकाना असतो. सगळे तिथे 'निरंक' लिहितात. मी लिहिलं, 'बांधाचं तोंड आठ वर्षं उघडं होतं.' साहेबांनी बोलावून घेतलं.

"मॅडम, हे काय?"

"अडचण आहे सर."

"वर पाठवायचंय हे. जरा टेक्निकल भाषेत लिहा ना."

मी लिहिलं, 'निचरा व्यवस्थापनाचा अभाव.' साहेबांचं समाधान झालं.

नोकरीची बरीच वर्षं मी शेतकऱ्याला पहिला प्रश्न 'किती गोणी टाकल्या' हाच विचारायचे. आता कुणी सल्ला मागितला, तर गोणीचं मागून विचारते. आधी विचारते, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. खत कमी पडतंय असं वाटलं, तर दुकानात जायच्या आधी बांधावरून एक चक्कर मारावी. आणि एका शेतकऱ्यानं सांगितलेलं दुसऱ्याला सांगायच्या आधी ते खरं आहे का ते बघावं. हे दुसरं आम्हाला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मी एकदा त्या बाजूला गेले होते. सुमनकाकू म्हणाल्या, आता मिस कॉल बंद झालेत, फोन उचलतात. दोघं अजून पाण्याशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. पण उन्हाळी भाताला पाणी चार महिने लागतं.